पूरक वाचन : पंढरपूरची अभ्यासभेट आणि तिचे नियोजन

यादवकालीन मराठीचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’. शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळात मंदिराला मिळालेल्या देणग्या त्यात नोंदविल्या आहेत. या शिळेला पाठ घासल्यास ८४ लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा असल्याने अक्षरे झिजली आहेत. म्हणून शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथातील वाचन आधी अभ्यासावे.

नोकरी व संसार सांभाळून तुम्हांला एखादाच दिवस मिळणार. तेव्हा उद्दिष्ट आधी ठरवावे, तारीख नंतर. वारकऱ्यांच्या बोली ऐकायच्या असतील, तर चैत्री, आषाढी, कार्तिकी किंवा माघी वारी निवडावी. मात्र निवासाची सोय बरीच आधी करावी. शिलालेख व मंदिररचना पाहायची असेल, तर एकादशी आणि सुट्टीचे दिवस टाळावेत.

पंढरपूर कुर्डुवाडी-मिरज लोहमार्गावर आहे. पददर्शन व मुखदर्शन यांच्या रांगा वेगळ्या असतात. वेळ थोडा असल्यास मुखदर्शन सोयीचे. मोबाईलवर विसंबू नये, नोंदवही बाळगावी. नामदेव पायरी व चोखामेळ्याची समाधी मंदिराजवळच आहेत. पावसाळ्यात नदीपात्रातील पुंडलिक मंदिराकडे जाण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी.

कृती : तुमच्या भेटीचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहा व त्यानुसार दिवस निवडून कारण सांगा.