लेफोर्तोवोच्या पत्त्यावर नववर्षाच्या शुभेच्छा

न्यू जर्सीतल्या आम्ही काही मराठी मंडळींनी २०२३च्या डिसेंबरात इव्हान गेर्शकोविचला शुभेच्छापत्रं लिहिली. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा हा तरुण बातमीदार २९ मार्चला येकातेरिनबुर्गमध्ये पकडला गेला. आरोप हेरगिरीचा, मुक्काम मॉस्कोच्या लेफोर्तोवो तुरुंगात. पण तो वाढला प्रिन्स्टनला, आमच्या एडिसनपासून गाडीने अर्ध्या तासावर. ‘आपल्याकडचा मुलगा’ एवढंच निमित्त आम्हाला पुरलं. त्या पत्रांतून शिकलेल्या या काही गोष्टी.

१. सण कुणाचा, ते आधी बघावं. पहिल्याच दिवशी कुणीतरी सांताक्लॉजची कार्डं घेऊन आलं. इव्हान ज्यू घरातला, आईवडील सोव्हिएत संघातून आलेले. रशियात कौतुक खरं नववर्षाचं. तिथला ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला येतो. तेव्हा सांता परत पिशवीत गेला.

२. आपलं पत्र आधी तिऱ्हाईत वाचतो. तुरुंगात जाणारा मजकूर रशियन भाषेत असावा लागे आणि तो सेन्सॉरच्या हातून जाई. इव्हानच्या मित्रांनी ईमेलचा पत्ता दिला होता. आलेली पत्रं रशियनमध्ये करून ते आत पोचवत. म्हणजे रांगोळीचं चित्र, चमकी, रिबन यातलं काहीच जाणार नव्हतं. जाणार ते फक्त शब्द. मग ‘अंधारानंतर उजेड येतोच’ छापाची वाक्यं आम्ही काढून टाकली. भाषांतरात ती सपक होतात, शिवाय संशयी माणसाला त्यात भलतंच काही दिसू शकतं. खटला, युद्ध, पुतिन यांचं नावही नको असं ठरलं, तेव्हा मंडळातले एक काका उखडले. “मग लिहायचं तरी कशाला?” काका, राग काढायचा असेल तर रशियाच्या वकिलातीला लिहा, तिथे हवं तेवढं तोंड सोडा. कैद्याच्या पत्रातल्या शौर्याचा भुर्दंड कैदीच भरतो.

३. सांत्वन कमी, बातमी जास्त. आत बसलेला माणूस बातमीदार आहे हे विसरू नये. इव्हान आर्सेनल या फुटबॉल क्लबचा चाहता. माझ्या मुलाने नाताळात मोठ्या आनंदाने लिहिलं की आर्सेनल गुणतक्त्यात पहिला आहे. २८ डिसेंबरला आर्सेनल वेस्ट हॅमकडून हरला, ३१ला फुलहॅमकडून. वर्ष संपताना चौथा. मुलगा कासावीस! आपण त्याला खोटी आशा लावली म्हणे. मी म्हटलं, आर्सेनलच्या चाहत्याला याची सवय असते. आणि इव्हान तर वडिलांशी पत्रांतून बुद्धिबळ खेळत होता. एकेका चालीसाठी टपालाची वाट बघणाऱ्याला शिळ्या बातमीचं काय!

४. विनोदाला घाबरू नये. एप्रिलमध्ये घरच्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने आईची थट्टा केली होती: तुझ्या हातच्या जेवणामुळे इथल्या जेवणाची तयारी झालीच होती. अशा माणसाला रडकं पत्र पाठवणं म्हणजे शिक्षेत भर. अर्थात, तुरुंगाच्या दारात विनोद कळेलच याची खात्री नाही. आपल्या तळोजा तुरुंगानेही तिथे कैदेत असलेल्या गौतम नवलखांना आलेलं विनोदी लेखक वुडहाऊसचं पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून अडवलं होतं. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ही गोष्ट निघाली, तेव्हा न्यायमूर्तींना पुलंची आठवण झाली.

५. उत्तराची वाट बघू नये. आम्हाला आलं नाही.

६. श्रेय घेऊ नये. १९ जुलै २०२४ला त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि १ ऑगस्टला अंकारात कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला. बर्लिनमधल्या खुनाबद्दल जर्मनीत जन्मठेप भोगणारा वादिम क्रासिकोव्ह पुतिनना परत हवा होता. सौदा त्याच्याभोवती फिरला. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲपवर ‘आपण करून दाखवलं’ असा संदेश आला, फटाक्यांच्या चित्रांसकट. आपण काय केलं? सोळा महिन्यांतली काही मिनिटं भरली, एवढंच. आणि माझ्या मते ते कमी नाही. सुटण्याआधी दयेचा अर्ज भरताना या पठ्ठ्याने शेवटी पुतिननाच विचारलं होतं, मला मुलाखत द्याल का? तुरुंगाबाहेरच्या जगाशी त्याचा धागा शाबूत होता, तो अनेकांनी मिळून धरला होता.

७. एक सुटला म्हणून पत्ते संपत नाहीत. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या ‘सीपीजे’ या न्यूयॉर्कच्या संस्थेने १ डिसेंबर २०२४ला जगभरात ३६१ पत्रकार तुरुंगात असल्याचं मोजलं. ऑगस्टच्या त्या अदलाबदलीत सायबेरियाची पत्रकार मारिया पोनोमारेन्को नव्हती. युक्रेनमधल्या मारिउपोलच्या नाट्यगृहावरच्या बॉम्बहल्ल्याबद्दल लिहिलं म्हणून तिला २०२३मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. साध्या टपालाने पाठवायचं तर पाकिटावर कैद्याचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, आडनाव आणि जन्मसाल लागतं. ते रशियन अक्षरांत कुणी लिहायचं, यावरून सध्या आमच्याकडे वाद चालू आहे. काकांचं म्हणणं, त्यांचं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे.