ऊसतोडीचा हंगाम आणि गावची मुले

घाना व आयव्हरी कोस्ट येथे कोकोच्या मळ्यांतील बालमजुरी रोखण्यासाठी गावसमित्या काम करतात. चॉकलेटात साखरही असते, आणि साखरेचा प्रश्न आपल्या घरचा आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. उचल मिळते ती 'कोयत्या'स, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीस. मुलाचा हिशेब त्यात नसतो. फडात वाढे गोळा करणे, धाकटे भावंड सांभाळणे मात्र त्याच्याच वाट्यास येते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आहेच. परंतु आईबाप फडावर असता रात्री मुलाजवळ कोण, हे कायदा सांगत नाही. शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चाललेल्या हंगामी वसतिगृहांनी यावर उपाय काढला : मूल गावातच आजीजवळ वा नातलगांकडे राहते, जेवण शाळेतर्फे मिळते.

ग्रामपंचायतीने अशा कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वीच करावी. मुकादमाची उचल बहुधा त्याआधीच वाटून झालेली असते.