स्वरामागचे दप्तर

आकाशवाणीच्या वा दूरदर्शनच्या दारात उमेदवारीसाठी उभ्या राहणाऱ्या बहुतेक तरुणांची अशी समजूत असते की, आवाज सुरेल, उच्चार शुद्ध आणि साहित्य-संगीताची आवड असली म्हणजे या क्षेत्रात पाय रोवण्यास आणखी काही लागत नाही. स्वरचाचणीपुरते ते खरेही आहे; पुढे मात्र दप्तराशी गाठ पडते.

नैमित्तिक उद्घोषक म्हणून कामाला लागलो त्या दिवसांत एका केंद्राने लोककलांवरील मालिकेसाठी मला एका वयोवृद्ध शाहिरांकडे धाडले. फीत सेकंदाला साडेसात इंच या गतीने फिरे आणि १२०० फुटांचे रीळ ३२ मिनिटांत संपे, म्हणून रिळे मोजून मिळत. शाहीरबुवा मात्र कशाचीच फिकीर न करता एकामागून एक पोवाडे गात, आणि मध्येच डफ खाली ठेवून गुरूंच्या आठवणींत रमून जात. प्रसारित झाली ती १५ मिनिटे. उरलेले ध्वनिमुद्रण टंचाईपायी पुसले गेले व त्याच फितीवर पुढे शेतीविषयक सल्ला मुद्रित झाला, आणि त्यात त्या काळी कुणालाच काही गैर वाटले नाही. काही वर्षांनी त्या १५ मिनिटांतला एक पोवाडा कॅसेटवर बाजारात आला, तेव्हा शाहिरांनी नातवाकडून लिहवून घेतलेले पत्र मला मिळाले. आपली बिदागी कुठे अडली, एवढेच त्यात विचारले होते. दप्तरात रुजुवात करता करारपत्राच्या पाठीवर बारीक टाइपातले एक कलम निघाले, ज्यान्वये सर्व हक्क केंद्राकडे गेले होते, आणि त्याखाली शाहिरांचा अंगठा होता.

वृत्तपत्रीय कलासमीक्षेतही हेच. जुन्या ध्वनिमुद्रणांत पेटीची साथ नाही, यावरून त्या पिढीच्या अभिरुचीविषयी सिद्धांत मांडणारे लेख मी वाचले आहेत. वस्तुतः १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला सरकारी मनाई होती, आणि ज्या गवयांच्या खासगी मैफली पेटीवाचून रंगत नसत, त्यांनाही केंद्रात सारंगीवरच भागवावे लागे. हुकूम न पाहता सौंदर्यशास्त्र लिहिण्याचा मोह आवरणे हा समीक्षकाच्या शिक्षणातला मोठा भाग आहे. राग ओळखणे त्या मानाने सोपे.

म्हणून नव्याने येणाऱ्यांनी करारपत्र वाचण्याची विद्या आवाजाच्या रियाजाइतक्याच निष्ठेने संपादावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. १९९४ च्या दुरुस्तीपासून तर, मुदत लिहिलेली नसल्यास ती ५ वर्षांची आणि क्षेत्र लिहिलेले नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. ‘कायमचे’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द मसुद्यात आढळले की लेखणी थांबवावी, मोबदला वाढवून मागावा, किंवा ते शब्द खोडून घ्यावेत. पहिल्याच कामात असे बोलण्याचा संकोच वाटतो हे मी जाणतो, परंतु विनयाने विचारलेल्या प्रश्नामुळे कुणाचे काम गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आणि कलावंताची सही वा अंगठा घेण्यापूर्वी ते कागद त्याला त्याच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावेत व एक नक्कल त्याच्या हाती ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.