सातभाईंचा डांगी चुलतभाऊ

शाळेच्या कुंपणाजवळ पालापाचोळा उलटापालटा करीत सतत कलकलाट करणारे मातकट पक्षी तुम्ही रोज पाहता. आपण त्यांना सातभाई म्हणतो, आपले गुजराती शेजारी लेलां म्हणतात, आणि हिंदीत त्याच थव्याच्या सात बहिणी होतात! थव्यात नेमके सातच असतात असे नाही. आम्ही मोजले तेव्हा कधी सहा, कधी दहा भरले.

यांचा एक लहानखुरा चुलतभाऊ डांगच्या जंगलात राहतो. इंग्रजीत त्याला ब्राउन-चीक्ड फुल्वेटा म्हणतात. जुन्या पुस्तकांत मात्र क्वेकर बॅबलर असे नाव सापडेल. क्वेकर हा साध्या पोषाखासाठी ओळखला जाणारा ख्रिस्ती पंथ. पक्ष्याचा वेशही तसाच: डोके राखाडी, पाठ तपकिरी, पोट फिकट बदामी. ना तुरा, ना ठिपका. लांबी सुमारे १५ सें.मी., म्हणजे चिमणीएवढाच. पूर्वी त्याला सातभाईंच्याच कुळात धरीत. जनुकीय अभ्यासानंतर अलीकडे त्याला जवळचे पण वेगळे कूळ दिले गेले.

हा पक्षी केरळपासून सह्याद्रीच्या रांगेने वर येत डांगपर्यंत आढळतो. ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड येथेही तो आहे. परंतु बारडोलीच्या उसाच्या शेतात तो येत नाही. त्याला बांबू आणि दाट झुडपांची सावली लागते. व्यारा-सोनगढमार्गे महालला गेलात की पूर्णा अभयारण्य लागते (घोषणा १९९०, क्षेत्र सुमारे १६० चौ. कि.मी.). तेथे पहाटे उभे राहून ऐकावे. आधी शीळ येते, गोड आणि किंचित थरथरती. मग झुडपातून चार-सहा पक्षी एकामागोमाग सरकतात. दिसले न दिसले तोच पुढे! आमच्या मागच्या सहलीत गप्पांच्या नादात निम्म्या वर्गाला ते दिसलेच नाहीत.

या लहान थव्यामागे नाचण, सुतार असे इतर पक्षीही फिरतात. फुल्वेटा झुडपे हलवतो, त्यामुळे किडे उडतात. शिवाय शिक्र्यासारखा शत्रू आला की हा लगेच ओरडतो. अनेक डोळ्यांचा पहारा सगळ्यांना उपयोगी पडतो. कीटकांबरोबर तो लहान फळे व फुलांतला मधही खातो. घरटे वाटीसारखे, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, झुडपाच्या फांदीत. अंडी बहुधा दोन. म्हणूनच उन्हाळ्यातला वणवा किंवा झुडपांची सरसकट तोड त्याला फार महागात पडते. मोठी झाडे उभी राहिली तरी खालचा मजला गेला की त्याचे घर गेले. गलोलीचा खडा हे आणखी एक संकट. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्यांची शिकार गुन्हा आहे, हे पालकांनी मुलांना जरूर सांगावे.

आता थोडे शाळेबद्दल. मैदानामागची झुडपे सापांच्या भीतीने काढून टाकावीत, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. भीती खोटी नाही. गेल्या पावसाळ्यात तेथे साप निघाला होता. पण आपल्या सातभाईंचे घरटेही तेथेच आहे. वर्गांच्या बाजूची झुडपे काढून मागच्या भिंतीलगतचा पट्टा ठेवावा, आणि त्या पट्ट्यात मुलांनी एकटे जाऊ नये, असे आम्ही विश्वस्तांना लिहून दिले आहे. निर्णय पुढील सभेत होईल. तोपर्यंत इयत्ता ७ वीच्या मुलांनी रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी सातभाई मोजून वहीत आकडा लिहावा. ती वही आम्ही सभेत ठेवणार आहोत.