मज्जातंतूजन्य शिरःशूल आणि शस्त्रक्रिया

डोके दुखते, एवढेच सांगितल्याने वैद्यास रोगाचा उलगडा होत नाही. ते कोठे, कसे व किती वेळ दुखते, हे सांगावे लागते. आपल्या पूर्वाचार्यांस हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘अनंतवात’ हा मानेच्या मागील भागी तीव्र वेदना उत्पन्न करून डोळा, भुवई व शंखप्रदेश येथे ठाण मांडतो, असे वर्णन आहे. आधुनिक वैद्यकानेही मानेतून उद्भवणारा एक शिरःशूल ओळखला आहे. दोन्ही एकच होत, असा आमचा आग्रह नाही. परंतु वेदनेचे मूळ शोधण्याची दृष्टी मात्र दोहोंची सारखीच आहे.

मानेच्या वरच्या भागातून निघणारा एक मोठा मज्जातंतू स्नायूंमधून वाट काढीत डोक्याच्या मागील त्वचेपर्यंत जातो. तो स्नायूंत आवळला गेला किंवा दुखावला, तर मानेपासून टाळूपर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ उठते. ती काही क्षण वा काही मिनिटे टिकते. त्या जागी बोट दाबले असता दुखते. कधी केस विंचरणेही असह्य होते. त्या तंतूजवळ बधिर करणारे औषध टोचल्यावर वेदना तात्पुरती थांबली, तर निदानास बळ मिळते. मात्र अशा टोचणीने अर्धशिशीही कधी शमते. म्हणून एवढ्यावरच निर्णय करू नये.

पहिला उपचार शस्त्राचा नव्हे. शेक, मानेचे व्यायाम, मज्जातंतूंची वेदना शमविणारी औषधे व आवश्यक तेव्हा टोचणी, हा क्रम होय. त्यांनी गुण न आल्यासच तंतूभोवतीचा दाब दूर करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. तंतू कापून टाकण्याचाही मार्ग आहे. पण त्याने ती जागा कायमची बधिर होऊ शकते, आणि कापलेल्या टोकाशी नवी वेदनाही उद्भवू शकते.

शस्त्रक्रियेचे फळ कसे पारखावे, याचा एक बोधप्रद प्रयोग अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला. कपाळाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर काहींची अर्धशिशी कमी झाल्याचे डॉ. बहमान गुयुरॉन यांस आढळले होते. पुढे त्यांनी अर्धशिशीच्या ७५ रुग्णांवर केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. ४९ जणांवर कपाळ, शंखप्रदेश वा मान येथे खरी शस्त्रक्रिया केली. २६ जणांस केवळ छेद देऊन आतील भाग होता तसाच ठेवला. एका वर्षानंतर पहिल्या गटातील ५७ टक्के रुग्णांची अर्धशिशी पूर्ण थांबली. दुसऱ्या गटात अवघ्या ४ टक्क्यांची. परंतु बरीच सुधारणा झालेले पहिल्या गटात ८४ टक्के, तर दुसऱ्यातही ५८ टक्के होते!

केवळ छेदाने इतक्यांस उतार पडावा, यात आशा, शुश्रूषा व रोगाचा स्वाभाविक चढउतार यांचा वाटा दिसतो. त्यांची वेदना खोटी होती, असा अर्थ कोणीही काढू नये. मात्र ‘अमक्याला गुण आला’ एवढ्या ऐकीव पुराव्यावर शस्त्रक्रियेस संमती देणे योग्य नव्हे, हे यावरून कळते. २०१३ साली अमेरिकेतील शिरःशूलतज्ज्ञांच्या संस्थेने, अर्धशिशीसाठी ही शस्त्रक्रिया संशोधनाच्या चौकटीबाहेर सुचवू नये, असे मत दिले.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दुखण्याची तारीख, जागा व घेतलेली औषधे वहीत लिहावीत. दुसरी, महिन्यातून १५ वा अधिक दिवस वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय जडल्यास त्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढू शकते; अशा वेळी डॉक्टरांस अवश्य सांगावे. तिसरी, अकस्मात उठलेली अतितीव्र डोकेदुखी, सोबत ताप व मान ताठरणे, दृष्टी वा वाचा जाणे, अंग लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

वेदना मुकाट्याने सोसणे म्हणजे तप नव्हे, आणि उतावीळपणे शस्त्राखाली जाणे म्हणजे धैर्य नव्हे. आधी मूळ शोधावे, मग उपाय योजावा, यातच विवेक आहे.