शिल्प आणि स्थान : लोणारच्या निमित्ताने

फुलसावंगी परिसरातील उपदेशी-वासनिकांस श्रीक्षेत्र माहूर जवळचे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पश्चिमेस दूर. तथापि लोणारच्या यात्रेत एक प्रश्न हटकून उद्भवतो. ज्या आवारात अन्य देवतांची देवालये आहेत, तेथे परमेश्वरभक्ताने दंडवत कोणास घालावे?

प्रथम स्थळ पाहू. उल्कापाताने बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले व त्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर झाले. काठावर मात्र गोड पाण्याची धार अखंड वाहते. तिच्यालगत कुंड व देवळे आहेत. गावातील दैत्यसूदनाचे देवालय तारकाकृती असून त्याच्या बाह्यभिंती मूर्तींनी भरलेल्या आहेत. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा या क्षेत्राशी निगडित आहे.

आता निर्णय. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परभिन्न होत. दैत्यसूदन ही देवता. दगड, पाणी व कोरीवकाम हा प्रपंच. मोक्षदाता एक परमेश्वरच. तेराव्या शतकात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी लोणारास आले. यादवराजा कान्हरदेवास येथेच दर्शन घडल्याची लीळा लीळाचरित्रात आहे. त्या काळी परिभ्रमण करणाऱ्यास देवालय हेच वसतीचे ठिकाण असे. म्हणून वंदन देवतेस नव्हे व शिल्पासही नव्हे. ते परमेश्वरसंबंधाने पावन झालेल्या भूमीस होय. तेथे लीळेचे स्मरण न झाल्यास ती यात्रा केवळ प्रेक्षणीय स्थळाची भेट ठरते.

चौदाव्या शतकातील स्थानपोथीची दृष्टी हीच आहे. देवालयाचे दार कोणत्या दिशेस, आसन कोठे, वसती कोठे, याची नोंद ती करते. मूर्तीच्या सौंदर्याची थोरवी गात नाही. यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. मूर्तीचा हात भंगला तर शिल्पाची हानी होते, स्थानाची नव्हे. उलट शिल्प अखंड राहिले, पण जीर्णोद्धाराच्या उत्साहात ओटा हलविला, जुना पाषाण काढून फरशी बसविली, तर पुढील साधकास खूण सापडत नाही. हानी अशी भक्ताच्याच हातून होते.

२०२० साली लोणार सरोवरास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. जगाने पाण्याची दखल घेतली. स्थानाची खूण राखणे हे मात्र अनुयायांचेच काम आहे. दुरुस्तीपूर्वी पोथीशी दिशा ताडून पाहावी, जाणत्यांस विचारावे, मगच दगडास हात लावावा.

दंडवत प्रणाम.