मान खाली, प्रश्न वर : गुरू, शरणागती आणि सामूहिक पठण

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आजचं वाचन : गीता, अध्याय ४, श्लोक ३४



दत्तजयंतीच्या आधीचा आठवडा म्हणजे गुरुचरित्राच्या सप्ताहाचा आठवडा. तुमच्यापैकी बरेच जण घरी किंवा केंद्रात पारायणाला बसता, हे तुमच्या मेसेजवरून कळतं. त्यातल्याच एका मेसेजमुळे आजचा श्लोक घेतोय. प्रश्न असा होता : "दादा, सगळ्यांबरोबर म्हणताना छान वाटतं, रडूसुद्धा येतं. पण 'गुरूला शरण जा' म्हटलं की मन मागे सरतं. ढोंगी आहे का मी?"

नाही. ढोंगी नक्कीच नाही. पण उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी सोबत म्हणण्याबद्दल. लॉकडाऊनमध्ये आमच्या ग्रुपने व्हिडिओ कॉलवर सामूहिक पठण सुरू केलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचे माइक चालू. दोन मिनिटांत बाजार झाला. कुणी अर्धी ओळ पुढे, कुणी मागे, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपणच बरोबर, बाकीचे चुकतायत. खरं म्हणजे कुणीच चुकत नव्हतं. इंटरनेटवरून आवाज पोचायला सेकंदाचा काही भाग लागतो, आणि एकत्र गायला तेवढा उशीरही फार होतो. मी दिवसभर हेच काम करतो, तरी मला तो प्रकार समजायला दुसरा दिवस उजाडावा लागला. मग ठरलं, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी स्वतःला म्यूट करून त्याच्यामागे म्हणायचं.

तिथे मला पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली. म्यूट झाल्यावर माझा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. चांगला लागला काय, बेसूर लागला काय, कौतुक नाही की हसू नाही. म्हणायचं मात्र पूर्ण होतं, आणि दुसऱ्याच्या गतीनं म्हणायचं होतं. पहिले दोन दिवस चिडचिड झाली. "किती हळू म्हणतात हे!" तिसऱ्या दिवशी चिडचिड थांबली आणि श्वास आपोआप लांबला.

आपल्याकडच्या भजनात ही सोय आधीपासून आहे. पुढचा गडी ओळ म्हणतो, मागचे झील धरतात. झील धरणाऱ्याला स्वतःचा आवाज सोडायचा नसतो, स्वतःची घाई सोडायची असते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्वासाचं म्हणाल तर त्यावर मोजमापंही झाली आहेत. २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास तपासला. दोन्हींत तो मिनिटाला साधारण सहापर्यंत खाली आला. एरवी बसल्याबसल्या आपण याच्या दुप्पट-अडीचपट श्वास घेतो. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती तपासली, तर गाण्याच्या ओळींबरोबर सगळ्यांची गती एकत्र वरखाली होताना दिसली. म्हणजे केंद्रात आपल्याला 'सगळे एक झाल्यासारखं' वाटतं, तो नुसता भास नाही.

पण इथेच सावध व्हायला हवं. श्वास जुळला, मन मऊ झालं, डोळे भरून आले, की माणूस कुणाचंही ऐकायला तयार होतो. मंत्र चांगला असला की समोरचा माणूसही चांगलाच असतो, असं काही नाही. पतंजलींनी जपाबरोबर त्याच्या अर्थाची भावना ठेवायला सांगितलं आहे (योगसूत्र १.२८), ते उगीच नाही. आणि त्याच्या दोनच सूत्रं आधी (१.२६) ते ईश्वराला पूर्वीच्या गुरूंचाही गुरू म्हणतात, कारण त्याला काळाची मर्यादा नाही. म्हणजे देहातल्या कुठल्याही गुरूच्या वर आणखी एक गुरू आहेच. समोरचा माणूस शेवटचा मुक्काम नाही.

हे मला पुस्तकातून आधी कळलं नाही, अनुभवातून कळलं. नोकरीच्या सुरुवातीला शहरात एका सत्संगाला जायचो. पठण अप्रतिम असायचं, अजूनही कानात आहे. पण तिथे प्रश्न विचारलेला चालत नसे. पैशांबद्दल साधी विचारणा केली, तर मला गुरुचरित्राच्या दुसऱ्या अध्यायातली संदीपकाची गोष्ट ऐकवली गेली. "त्यानं एकवीस वर्षं सेवा केली, तोंडातून शब्द काढला नाही." मी गप्प बसलो. मग जाणं सोडलं, आणि त्याबरोबर पठणही सोडलं. जवळपास दोन वर्षं पोथी उघडली नाही. नुकसान कशाचं झालं म्हणाल तर या दोन वर्षांचं.

पुढे पोथी पुन्हा उघडली तेव्हा हीच गोष्ट नीट वाचली, आणि चकित झालो. वेदधर्म गुरू शिष्यांना बोलावून आधीच सगळं सांगतात : माझं उरलेलं पाप मला भोगून संपवायचं आहे, मी कुष्ठी, आंधळा, पांगळा होणार, काशीला जाऊन राहणार, कोण सेवा करेल? काहीही लपवलेलं नाही. संदीपक म्हणतो, तुमचं भोगणं मला द्या. गुरू नाही म्हणतात, ज्याचं त्यानंच भोगायचं. पुढे देव वर द्यायला येतात तेव्हा शिष्य गुरूंचा रोग बरा करून मागू पाहतो, तर त्यालाही गुरू नकार देतात. आता सांगा, या गोष्टीत गुरूनं स्वतःसाठी काय घेतलं? स्वतःचं ओझं शिष्याच्या खांद्यावर टाकायला नकार देणारा गुरू आहे हा. पण गोष्ट सांगणारे शिष्याचं गप्प राहणं तेवढं सांगतात आणि गुरूचं नाही म्हणणं गाळतात.

आता आजचा श्लोक. ज्ञान कसं मिळवायचं हे सांगताना भगवंत तीन शब्द वापरतात : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार करा, प्रश्न विचारा, सेवा करा. मधला शब्द बघा. नुसता प्रश्न नाही, परिप्रश्न. सगळ्या बाजूंनी, उलटसुलट, समाधान होईपर्यंत विचारणं. आणि तो कुठे बसवला आहे? नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध. मला नेहमी वाटतं, हे दोन्ही बाजूंनी भिंती घालून राखलेलं घर आहे. नमस्काराशिवाय प्रश्न विचारला तर ती हुज्जत होते. आणि प्रश्न काढून टाकला तर नमस्काराची गुलामी व्हायला वेळ लागत नाही.

अर्जुनाचं उदाहरण तर समोरच आहे. दुसऱ्या अध्यायातच (२.७) तो 'मी तुझा शिष्य' म्हणून शरण येतो. मग गप्प बसतो का? तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच तक्रारीनं करतो, की तू मला गोंधळात टाकतोयस, एक काय ते नक्की सांग. शरण आल्यानंतर त्याचे प्रश्न वाढलेत! आणि शेवटी १८.६३ मध्ये भगवंत म्हणतात, हे सगळं नीट तपासून बघ आणि मग तुला वाटेल तसं कर. 'मला एकट्याला शरण ये' हे त्याच्यानंतर, १८.६६ ला येतं. हा क्रम सहसा कुणी सांगत नाही. आधी विचार करायची मोकळीक, मग शरणागती. जो नाही म्हणू शकतो, त्याच्याच होकाराला किंमत असते ना?

ज्ञानेश्वर माऊलींनी तेराव्या अध्यायात 'आचार्योपासना' या एका शब्दावर केवढं मोठं निरूपण केलंय! गुरूंचं छत्र मीच होईन, द्वारपाळ मीच होईन, देह पडल्यावर त्याची माती गुरू जिथे उभे राहतील तिथल्या जमिनीत मिसळेन, इथपर्यंत. वाचताना विसरायला होतं की हे गुरू म्हणजे त्यांचे सख्खे थोरले दादा, निवृत्तीनाथ. एकत्र वाढलेले, एकत्र उपेक्षा सोसलेली, वयात फार अंतर नाही. ज्याला रोज घरात जवळून बघितलं, त्याच्यासमोर ही शरणागती आहे. दुरून, स्टेजवरच्या दिव्यांत दिसलेल्या माणसासमोर नाही.

आता आपल्या मातीतलं एक उदाहरण सांगतो, कारण हे सगळं फार पोथीतलं वाटू नये. शहाद्याशेजारच्या तळोदा तालुक्यात मोरवड नावाचं गाव आहे. १९३०च्या दशकात तिथे गुलाम महाराज नावाचे भिल्ल समाजातले संत झाले. दर सोमवारी आरती. सातपुड्याच्या पाड्यांवरून लोक चालत यायचे, हजारोंनी. रोज अंघोळ करा, दारू सोडा, आरतीला या, एवढं साधं सांगणं. आणि एक गोष्ट अशी, की मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला : एकमेकांना 'आप' म्हणा. नवरा बायकोला, बाप पोराला, सगळे सगळ्यांना. म्हणून या पंथाची ओळखच 'आप' झाली, आणि 'आप की जय' हा जयघोष आजही तिकडे ऐकू येतो.

ही माणसं कोण होती ते आठवा. सावकारापुढे, मालकापुढे, सरकारी शिपायापुढे मान खाली घालूनच जगणारी. त्यांना अरे-तुरेशिवाय कुणी हाक मारली नव्हती. मान खाली घालायचं त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. मग गुरूपुढे झुकून त्यांना वेगळं काय मिळालं? इथे झुकल्यावर उठताना शेजारचा त्यांना 'आप' म्हणत होता. आरतीत शेकडो आवाज एकाच ओळीत, आणि आरती संपल्यावर कुणी कुणापेक्षा खालचा नाही. दारू सुटली, दारूच्या दुकानांचा धंदा बसला.

१९३८ मध्ये गुलाम महाराज गेले. फार थोडी वर्षं मिळाली त्यांना. पण आरती थांबली नाही, त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ती पुढे चालवली. सरकारनं नंतर त्यांना जिल्ह्याबाहेर घालवलं, तरी ती राहिली. शरणागती जर देहाला असती, तर देहाबरोबर गेली असती.

आणि आपल्या शहाद्यातच, पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणायचे, कारण ते भजनं म्हणायचे. १९७०च्या सुमारास शेतमजुरांच्या जमिनी आणि मजुरीसाठी इथे जी मोठी चळवळ झाली, ज्यातून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, तिच्यात हे भजन म्हणणारे महाराज पुढे होते. त्याच काळात इथल्या आदिवासी बायकांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. १९७४ मध्ये महाराज गेले. चळवळीच्या राजकारणावर बोलायची ही जागा नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा देवाधर्माशी संबंधही नव्हता. मला एवढंच दिसतं, की टाळ वाजवणारे हात लाचार नव्हते.

म्हणून ज्यांनी मेसेज पाठवला त्यांना माझं सांगणं : मन मागे सरतं तर सरू द्या, ते परिप्रश्नाचं मन आहे. त्याला हाकलू नका आणि त्याच्या नादानं पठणही सोडू नका. मी सोडलं होतं, म्हणून सांगतोय. एखाद्या जागी जात असाल तर काही महिन्यांनी स्वतःकडे बघा. घरच्यांशी बोलणं मऊ झालंय की तुटलंय? प्रश्न विचारताना भीती वाटते का? तिथून बाहेर पडताना आपण ताठ चालतो की चोरासारखे? गुरूला मोजायची पट्टी आपल्याकडे नाही हे खरं, पण आपल्यात काय बदललं ते आपल्याला दिसतंच.

पौर्णिमेला सारंगखेड्याला जाणार असाल तर घोड्यांचा बाजार बघाच, पण त्याआधी एकमुखी दत्ताच्या देवळात थोडं बसा. यात्रेच्या गर्दीत कुणीतरी 'दिगंबरा'चा गजर सुरू करतं. कोण, ते दिसतही नाही. मागच्या वर्षी माझ्या शेजारी एक आजोबा होते, माझ्यापेक्षा बरेच हळू म्हणणारे. त्यांच्या गतीला यायला मला पाच-सहा आवर्तनं लागली. नंतर त्यांनी विचारलं, "कोणता गावना रे भाऊ?" म्हटलं, शहाद्याचाच. ते हसले आणि पुन्हा डोळे मिटून म्हणायला लागले.

आज रात्री घरात जे कुणी असेल त्यांच्याबरोबर अकरा वेळा कोणतंही नाम म्हणा. पुढे दुसऱ्याला म्हणू द्या, तुम्ही झील धरा. घरी एकटे असाल तर आई-बाबांना फोन लावा, पण एकत्र म्हणायला जाऊ नका, लॅग येईल! त्यांनी म्हणायचं, तुम्ही ऐकून मागे म्हणायचं.

उद्या अध्याय १०, श्लोक ९ घेऊ. भक्त एकमेकांना बोध करतात, असं तिथे भगवंत म्हणतात. प्रश्न असतील तर आजच पाठवून ठेवा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥